पाण्यावर गाडी, डिझेलवर हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भिवंडीत आमच्या गल्लीत पहाटे दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक यंत्रमागांचा आणि दुसरा माल भरून निघणाऱ्या टेम्पोंचा. मागावरून उतरलेले कापड टेम्पोत चढते आणि मुंबईत काळबादेवीच्या मूळजी जेठा मार्केटपर्यंत, नाहीतर डोंबिवलीच्या प्रोसेसिंग कारखान्यांपर्यंत जाते. त्यामुळे सुताचा भाव, कापडाचा भाव आणि डिझेलचा भाव हे तीन विषय आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज निघतात. पावसावर कविता करणाऱ्या माणसाचीही त्यातून सुटका नाही.

माझा भाचा टेम्पो चालवतो. गाडी त्याची स्वतःची, म्हणजे तेव्हा हप्ते चालू असल्यामुळे निम्मी बँकेची. गोष्ट २००८ सालची आहे. त्या वर्षीच्या जुलैत जागतिक बाजारात कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरवर जाऊन पोचले होते. इकडे डिझेल महागले होते आणि भाडे मात्र कुणी वाढवून द्यायला तयार नव्हते. अशा दिवसांत एका संध्याकाळी भाचा घरी आला आणि म्हणाला, "मामू, गाडी पाण्यावर चालवायची सोय झाली."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तेव्हा त्याने खुलासा केला. "पूर्ण पाण्यावर नाही. डिझेल राहणारच. पण पाण्याचा गॅस करून तो डिझेलबरोबर इंजिनात सोडायचा. ॲव्हरेज दीडपट होतो म्हणतात."

कुणीतरी इंटरनेटवरून नकाशे उतरवून आणले होते. भाच्याने आणि त्याच्या इलेक्ट्रिशियन मित्राने ते वाचून यंत्र घरीच बनवले. पाण्याच्या फिल्टरचे जाड प्लॅस्टिकचे भांडे, भंगारातून आणलेल्या स्टीलच्या पट्ट्या, मध्ये रबराचे वॉशर, आत पाणी आणि त्यात थोडे कॉस्टिक पोटॅश. पट्ट्यांना बॅटरीची वायर. भांड्याच्या झाकणातून निघालेली नळी इंजिनाच्या हवेच्या पाइपात सोडलेली. डॅशबोर्डखाली एक बटण आणि एक हिरवा दिवा. एकूण खर्च साडेचार हजार रुपये.

बटण दाबले की पाण्यातून बारीक बुडबुडे निघत. भाच्याने ते साबणाच्या फेसात धरले आणि लांब काडीने पेटवून दाखवले. फट् असा मोठा आवाज झाला. पाणी जळताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले! मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस. विज्ञानाशी संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. मला वाटले, एवढे डोळ्यांना दिसत असताना शंका कशाला घ्यायची?

इथवर सगळे ठीक होते. पण मी ती गोष्ट टपरीवर सांगितली. आठ दिवसांत भाच्याच्या दारात टेम्पोवाले येऊ लागले. सात जणांनी प्रत्येकी दोन हजार रुपये आगाऊ दिले. त्यातला एक जण मला वाटेत भेटला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलेत म्हणून दिले. तुम्ही लिहिणारी माणसे, खोटे कशाला सांगाल?" त्याने ते पैसे बायकोची अंगठी गहाण टाकून आणले होते. हे ऐकल्यावर मात्र माझी झोप उडाली. मी खोटे सांगितले नव्हते. पण खरे काय, हे तरी मला कुठे माहीत होते?

शेजारच्या गल्लीत विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "पाण्यातून गॅस काढायला वीज लागते. ती वीज कुठून येते?"

"बॅटरीतून," मी म्हणालो.

"आणि बॅटरीत?"

त्यांचा हा दुसरा प्रश्नच आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे. तो आपल्या जिभेवर असला, तर अशा कुठल्याही यंत्राची परीक्षा आपल्याला घरबसल्या करता येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तो गॅस खोटा नव्हता. पाण्यातून वीज सोडली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन वायू वेगळे होतात. हे इंग्लंडमध्ये विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी १८०० साली करून दाखवले. भाच्याच्या भांड्यात तेच होत होते. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन यांचे ते मिश्रण. त्याची ज्योत खरी, उष्णता खरी. असा झोत वापरून सोनारकामातले बारीक सांधे जोडणारी यंत्रेही मिळतात. गफलत होते ती हिशेबात.

शिक्षकांनी मला समजेल अशा भाषेत सांगितले. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख. लाकूड जळून गेल्यावर राख उरते, तसा हायड्रोजन जळून गेल्यावर पाणी उरते. राखेचे पुन्हा लाकूड करायचे, तर जळताना जेवढी उष्णता निघाली होती तेवढी तरी परत घालावी लागणार. ते पुन्हा जाळले की तेवढीच उष्णता मिळणार. त्याहून जास्त मिळणे शक्य नाही.

आम्हा भिवंडीकरांना हे आणखी सोप्या रीतीने कळेल. समजा, एखादा कारखानदार म्हणाला, "मी विणलेले कापड उसवून त्याचे सूत काढतो. त्याच सुताचे पुन्हा कापड विणतो आणि शिवाय माझ्याकडे चार मीटर कापड जास्तीचे उरते." त्याला आपण काय म्हणू? उसवायला मजुरी लागणार, विणायला वीज लागणार आणि दोन्ही वेळा थोडे सूत तुटून चिंधीत जाणार. शेवटी कापड कमीच भरणार. पाणी फोडून त्याचा गॅस करायचा आणि तो जाळून पुन्हा पाणी करायचे, हा धंदा नेमका असाच आहे.

आता बॅटरीचे बघू. गाडीतली बॅटरी ही विजेची विहीर नव्हे, ती फक्त टाकी आहे. ती भरतो अल्टरनेटर, ज्याला आमचे ड्रायव्हर अजून डायनामो म्हणतात. अल्टरनेटरला फिरवते इंजिन आणि इंजिनाला फिरवते डिझेल. म्हणजे पाणी फोडायला लागणारी वीजही डिझेलमधूनच येते. "पण अल्टरनेटर तर फिरतच असतो, मग ती वीज फुकटचीच ना?" असे भाच्याने विचारले होते. बरेच जण विचारतात. पण अल्टरनेटरमधून जेवढी वीज ओढावी तेवढा तो फिरवायला जड होतो. पूर्वी सायकलच्या चाकाला डायनामो लावलेला असे. दिवा लागला की पायडल जड व्हायचे, हे ज्याने अनुभवले त्याला वेगळे सांगायला नको.

शिक्षकांनी वहीच्या पानावर हिशेब मांडला. तो पुढे मी स्वतः अनेकदा करून पाहिला. भाच्याच्या भांड्यात सहा कप्पे होते आणि ते सुमारे १४ व्होल्टवर १० अँपिअर वीज घेत होते. म्हणजे १४० वॅट. घरातल्या दोन पंख्यांइतकी वीज. वीज किती दिली की वायू किती निघणार, याचा नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३० च्या दशकात सांगून ठेवला आहे. त्यात कुणाची कारागिरी चालत नाही. त्या नियमाने सहा कप्प्यांतून तासाला सुमारे २५ लिटर हायड्रोजन निघतो. २५ लिटर ऐकायला पुष्कळ वाटतात. पण हायड्रोजन हा सगळ्यांत हलका वायू आहे. २५ लिटरचे वजन भरते सव्वादोन ग्रॅम. तो जाळून जेवढी उष्णता मिळते, तेवढी साडेसात मिलिलिटर डिझेलमधून मिळते. म्हणजे चहाचा दीड चमचा.

टेम्पो तासाला तीन लिटर डिझेल पितो असे धरले, तर हा दीड चमचा म्हणजे शंभर रुपयांतले पंचवीस पैसे. यातून ॲव्हरेज दीडपट कसा होणार?

आणि हा दीड चमचाही फुकट मिळत नाही. डिझेलमधल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्साच इंजिन फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. इंजिनाने दिलेल्या त्या जोरापैकी आणखी बराच भाग पट्ट्यात आणि अल्टरनेटरमध्ये गळतो. ही सगळी गळती धरली तर तासभर १४० वॅट वीज पुरवण्यासाठी सुमारे ८० मिलिलिटर डिझेल जळते. म्हणजे ८० मिलिलिटर डिझेल देऊन साडेसात मिलिलिटरचा गॅस परत घ्यायचा. एक रुपया द्यायचा आणि नऊ-दहा पैसे घ्यायचे. भाच्याचे भांडे डिझेल वाचवत नव्हते, थोडेसे खातच होते. फक्त ते खाणे इतके बारीक, की टाकीवरच्या काट्याला ते कळत नव्हते.

यंत्र विकणारे लोक एक आकडा हमखास सांगतात. एक लिटर पाण्यातून अठराशे लिटर वायू निघतो! हा आकडा खरा आहे, म्हणूनच तो फसवा आहे. त्या अठराशे लिटर वायूत उष्णता किती? जेमतेम ३७० मिलिलिटर डिझेलइतकी. आणि भाच्याच्या भांड्याला एक लिटर पाणी संपवायला ५० तास लागले असते. ५० तास गाडी चालवून पाव-अर्धा लिटर डिझेलइतका गॅस, आणि तो करायला चार लिटर डिझेल खर्च. आकारमान सांगायचे आणि ऊर्जा सांगायची नाही, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. कापूस विकताना वजन न सांगता ढीग दाखवावा तसे हे झाले.

यावर एक उत्तर ठरलेले असते. "हा गॅस इंधन म्हणून नाहीच. त्याने डिझेल पूर्ण जळते. एरवी निम्मे डिझेल न जळताच धुरातून जाते." हे ऐकायला पटते, कारण काळा धूर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पण चांगल्या स्थितीतल्या इंजिनात डिझेलचा ९८ टक्क्यांहून जास्त भाग जळून जातो. उष्णता वाया जाते ती डिझेल जळल्यानंतर, न जळाल्यामुळे नव्हे. जे एक-दोन टक्के उरतात ते सगळे जाळले, तरी फायदा एक-दोन टक्क्यांचाच. गाडी काळा धूर ओकत असेल तर तिचे नोझल, पंप आणि एअर फिल्टर बघायला हवेत. ते काम मेकॅनिकचे आहे. पाण्याच्या भांड्याने ते होणार नाही.

हायड्रोजनने इंजिनाच्या जळणात काहीच फरक पडत नाही, असे मात्र नाही. त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा कितीतरी वेगाने पसरते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा विरळ मिश्रणावर इंजिन चालवताना हायड्रोजनची मदत होते, हे अमेरिकेच्या नासाने १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत पाहिले होते. पण तिथे हायड्रोजनचे प्रमाण भरपूर होते आणि तो त्याच इंजिनाच्या विजेवर भांडेभर पाण्यातून काढलेला नव्हता. घरगुती यंत्राचे विक्रेते त्या प्रयोगांचे नाव सांगतात, प्रमाण सांगत नाहीत.

एवढे ऐकून मी भाच्याकडे गेलो. त्याने त्याची डायरी माझ्यापुढे टाकली. "मामू, हिशेब कागदावरचा. ही बघा गाडी काय बोलते." डायरीत खरेच लिहिले होते. आधी लिटरला ११ किलोमीटर, भांडे बसवल्यापासून १२ च्या वर. पोरगा खोटे लिहिणारा नव्हता. मग खरे कुणाचे?

शिक्षकांनी यावर एक परीक्षा सुचवली. भांडे एका पत्र्याच्या पेटीत बंद करायचे आणि पेटीची किल्ली शिक्षकांकडे. दर सोमवारी सकाळी ते येणार आणि आतली वायर एक तर जोडणार, नाहीतर काढून ठेवणार. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा दोन्ही वेळा लागणार. भाच्याला काहीच कळणार नाही. त्याने फक्त एकाच पंपावर, एकाच पद्धतीने टाकी काठोकाठ भरायची आणि किलोमीटर लिहायचे. माल साधारण सारखा, रस्ताही तोच. असे आठ आठवडे.

नवव्या सोमवारी शिक्षकांनी आपली चिठ्ठी उघडली. चार आठवडे वायर जोडलेली होती, चार आठवडे काढलेली. जोडलेल्या आठवड्यांचा ॲव्हरेज १२.१ आणि काढलेल्या आठवड्यांचा १२.२. भांडे चालू असो की बंद, गाडीला त्याचा पत्ताही नव्हता.

पण मग ११ चे १२ झाले कसे? भाचा स्वतःच हळूहळू बोलू लागला. भांडे बसवताना त्याने एअर फिल्टर साफ केला होता. डायरी लिहायला लागल्यापासून टायरमधली हवा दर आठवड्याला बघत होता. आणि ॲव्हरेज किती येतो याची उत्सुकता असल्यामुळे गाडी जपून हाकत होता, माणकोलीच्या कोंडीत इंजिन बंद करत होता. वाचलेले डिझेल त्याने स्वतः वाचवले होते आणि श्रेय भांड्याला दिले होते. जगात अशी यंत्रे लावून फायदा झाला म्हणून सांगणारी असंख्य माणसे आहेत. त्यातली बहुतेक खोटे बोलत नाहीत. ती भाच्यासारखीच असतात.

या आशेला बळी पडणारे आम्ही पहिले नव्हतो. १९९६ साली तमिळनाडूतल्या रामर पिल्लै यांनी पाण्यात औषधी पाला उकळून पेट्रोल करतो असा दावा केला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली. मोठमोठी माणसे प्रयोग बघायला जमली. पुढे सीबीआयने खटला भरला. ते 'वनौषधी पेट्रोल' म्हणजे पेट्रोलियमपासूनच निघणाऱ्या रसायनांचे मिश्रण होते. २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. त्याच १९९६ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्टॅन्ली मेयर यांचा खटला उभा राहिला. आपली गाडी पाण्यावर चालते, असे ते सांगत. न्यायालयाच्या सांगण्यावरून तज्ज्ञांनी त्यांचे यंत्र तपासले, तेव्हा त्यात नेहमीच्या पाणी फोडण्याच्या क्रियेपलीकडे काही सापडले नाही. न्यायालयाने ही उघड फसवणूक ठरवली आणि पैसे गुंतवणाऱ्या दोघांना त्यांचे २५ हजार डॉलर परत करायला लावले.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले, तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर मोटारी आणि बस धावल्या. गाडीला मागे उंच भट्टी जोडलेली असे. त्यात लोणारी कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्यातून निघणारा वायू इंजिनात सोडायचा. भट्टी पेटायला वेळ लागे, चढावर गाडी दमे, कपडे काळे होत. पण गाडी चालायची, कारण ऊर्जा कोळशातून येत होती. पोते रिकामे झाले की गाडी थांबे. इंधन म्हणजे जे संपते आणि पुन्हा विकत आणावे लागते. पाण्याच्या भांड्यातही काहीतरी संपत होते, पण ते डिझेलच्या टाकीत संपत होते.

हे यंत्र नुसते निरुपयोगी असते तरी मी एवढा वेळ घेतला नसता. ते धोक्याचेही आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जळायला लागणाऱ्या नेमक्या प्रमाणात एकत्र असले, की त्यांना पेटायला बाहेरची हवाही लागत नाही. कपडे काढताना अंगावर उडणारी बारीक ठिणगीसुद्धा पुरते. इंजिनातली आग नळीतून मागे आली तर भांडे फुटते आणि आतले कॉस्टिकचे पाणी अंगावर उडते. भाच्याच्या उजव्या मनगटावर एक पांढरट डाग आहे. पाणी भरताना कॉस्टिक सांडले, त्याची ती खूण. कॉस्टिक नको म्हणून काही जण स्वयंपाकघरातले मीठ घालतात. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. शिवाय रोज जास्तीची वीज ओढून अल्टरनेटर आणि बॅटरी लवकर जातात.

नव्या गाड्यांचे आणखी एक आहे. त्यांच्यात इंधन मोजून सोडणारा संगणक असतो. काही विक्रेते भांड्याबरोबर एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी देतात आणि तिने त्या संगणकाला चुकीची माहिती पुरवतात. मग तो इंधन कमी सोडतो. ॲव्हरेज थोडा वाढल्यासारखा दिसतो, पण गाडीची ओढ कमी होते आणि इंजिन जास्त तापण्याचा धोका राहतो. त्यात भांड्याचा काही वाटा नसतो. आणि गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करायला मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आडवे येते. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हे भांडे दाखवून प्रश्न विचारला, तर टेम्पोवाल्याजवळ उत्तर नसेल.

आता कुणी म्हणेल, मग सरकार हायड्रोजन, हायड्रोजन म्हणते ते काय? पुण्यात तर हायड्रोजनची बस निघाली. तेही खरे आहे. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर यांनी मिळून तयार केलेली इंधनघटावर चालणारी बस सादर झाली. इंधनघटात हायड्रोजन जळत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज तयार होते, त्या विजेवर मोटार फिरते आणि मागून निघते फक्त पाणी. पण त्या बसमध्ये हायड्रोजन बाहेरून भरावा लागतो. गाडी चालता चालता तो स्वतः तयार करत नाही.

तो बाहेरचा हायड्रोजन कुठून येतो, हाच खरा प्रश्न. आज तो बहुतेक नैसर्गिक वायू आणि कोळशापासून काढतात. पाण्यापासून काढायचा तर एक किलो हायड्रोजनला ५० युनिटांहून जास्त वीज लागते आणि त्या किलोत जास्तीत जास्त ३३ युनिटांइतकी उपयोगी ऊर्जा असते. म्हणजे तोटा तिथेही आहे. पण ती वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल आणि डिझेलचा धूर टाळायचा असेल, तर तो तोटा कदाचित परवडेल. याच विचाराने केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन बनवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. तिथे कुणी फुकटाची भाषा करत नाही. हायड्रोजन ही ऊर्जा वाहून नेणारी हमाली आहे. माल कुणीतरी आधी भरावाच लागतो.

टेम्पोवाल्याने मग करायचे काय? भाच्याच्या डायरीत जे सापडले तेच. टायरमध्ये बरोबर हवा, वेळेवर साफ केलेला फिल्टर, ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल न भरणे, थांबल्यावर इंजिन बंद. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, वर्षानुवर्षे सांगत आली आहे की रस्ता मोकळा असला तरी वेग ४५ ते ५५ किलोमीटरच्या दरम्यान ठेवा. यात चमत्कार काही नाही, म्हणून या गोष्टी टपरीवर कुणी सांगत नाही. मीही सांगितल्या नव्हत्या.

सात जणांचे चौदा हजार रुपये परत करायचे होते. निम्मे सामानात खर्च झाले होते. भाच्याने ते तीन महिन्यांत फेडले, थोडे मीही दिले, कारण शब्द माझाही गेला होता. अंगठीवाल्याकडे आम्ही दोघे मिळून गेलो. मी त्याला म्हणालो, "माझे चुकले. मला माहीत नसलेली गोष्ट मी माहीत असल्यासारखी सांगितली." त्याने पैसे मोजून खिशात ठेवले आणि विचारले, "मग ॲव्हरेज वाढतो तो कशाने?" भाच्याने डायरी काढली आणि त्याच्या गाडीच्या बॉनेटवर उघडी ठेवली. त्या दिवशी बऱ्याच वेळ दोघे टायरच्या हवेवर बोलत होते.

अजूनही अधूनमधून कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत पाठवते. पाण्याची बाटली, चार वायरी आणि धावणारी मोटारसायकल. भाचा आता पंचेचाळीशीला आला आहे. तो चिडत नाही, पाठवणाऱ्याला हसतही नाही. उलट टपाली दोनच ओळी लिहितो. "वीज कुठून येते ते विचारा. आणि वायर काढून आठ दिवस चालवून बघा."